भिडूला अंधारात ठेवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

आपल्या वाट्याला आलेली तेरा पाने इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर यांत कशी विभागली गेली आहेत, हे समोर बसलेल्या भिडूला बोलीतून, म्हणजे कोणता रंग हुकूम करून किती हात करू हे खेळाआधी बोलून दाखवण्याच्या चढाओढीतून, कळवावे, असा एक समज ब्रिज शिकवणाऱ्यांनी फार पूर्वीपासून पसरवून ठेवला आहे. तो किती अव्यवहार्य आहे, हे थोडा हिशेब केला तरी ध्यानात येईल. बावन्न पानांतून तेरा पाने ६३,५०१ कोटी ३५ लाख ५९ हजार ६०० प्रकारे येऊ शकतात. रंगांची नावे बाजूला ठेवून केवळ लांबी पाहिली, म्हणजे ४-४-३-२ किंवा ५-४-३-१ एवढेच मोजले, तरी ३९ ठेवणी उरतात. हे सारे सांगायला आपल्यापाशी एक किलवरपासून सात बिनहुकूमपर्यंतच्या ३५ बोली (आकडा सहाच्या वर करायच्या हातांचा, बिनहुकूम म्हणजे कोणताच रंग हुकूम नाही) आणि पास, डबल व रिडबल एवढेच भांडवल आहे. एवढ्याशा भांडवलावर खरे बोलण्याचा अट्टहास कशाला करावा? तेव्हा, वाचकहो, दादर-माटुंग्याच्या जिमखान्यांत वर्षानुवर्षे यशस्वीपणे आचरली जाणारी पद्धत आपण समजून घ्यावी, हेच इष्ट.

पाने हाती येताच प्रथम गुण मोजावेत. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन आणि गुलामाचा एक. ही बेरीज झाली की विचार करणे थांबवावे. समजा आपल्याकडे सोळा गुण आहेत आणि बदामचे एकच पान आहे. आपण बेधडक एक बिनहुकूम बोलावे. ही बोली ऐकून भिडू असे धरून चालतो की, आपली ठेवण ४-३-३-३, ४-४-३-२ किंवा ५-३-३-२ यांपैकी एक आहे, म्हणजे प्रत्येक रंगाची निदान दोन पाने आपल्याकडे आहेत. जवळजवळ ४७.६ टक्के वेळा पाने खरोखरच अशी येतात, मग उरलेल्या वेळी आपण त्याचा विश्वास का मोडावा? भिडूकडे बदामची सहा पाने असतील तर तो ट्रान्सफरच्या संकेताने, म्हणजे स्वतः दोन चौकट बोलून, आपल्याकडून दोन बदाम बोलवून घेईल आणि पुढे चार बदामवर नेऊन ठेवील. या संकेताची खुबी अशी की, डाव आपण खेळतो आणि टेबलावर उघडी पाने मांडली जातात ती भिडूची. त्यामुळे आपले बदामचे एकाकी पान त्याला लगेच दिसत नाही. हुकमाच्या दुसऱ्या फेरीला आपण किलवरची दुरी टाकतो, तेव्हाच त्याला ते कळते. त्या क्षणी भिडूच्या चेहऱ्याकडे न पाहण्याची सवय लावून घ्यावी.

एखादा रंग आवडला, तर तो पुन्हा पुन्हा बोलावा. एक इस्पिक म्हटल्यावर भिडू पाच पाने धरतो, तोच रंग दुसऱ्यांदा बोललात की सहावे धरतो आणि तिसऱ्यांदा बोललात की सातवे. आपल्याकडे पाचच असतात, परंतु मुंबईत राहणाऱ्या माणसाला कार्पेट एरिया आणि सुपर बिल्ट-अप एरिया यांतला फरक समजावून सांगण्याची गरज नसावी. दरम्यान बदामची जी चार चांगली पाने हातात आहेत, त्यांचा उच्चारही करू नये. भिडूकडेही बदामची चार पाने असतील आणि दोघांची मिळून आठ होतील, तर आयता हुकूम सापडेल आणि डाव विनासायास बनेल. तसे झाले तर खेळण्यात गंमत ती काय राहिली?

एक चौकट बोलून झाल्यावर, भिडूच्या एक इस्पिकनंतर दोन बदाम बोलणे ही सतराएक गुणांच्या जबाबदारीची गोष्ट मानतात, कारण चौकटकडे परतायचे तर भिडूला तिसऱ्या पायरीवर, म्हणजे तीन चौकटवर, चढावे लागते. आपण बारा गुणांवर बोलावे, चढणारा भिडू आहे. प्रतिपक्षाने बोली उघडली की तेरा गुणांवर डबल म्हणावे, मग त्यांच्याच रंगाची चार पाने आपल्याकडे असोत आणि इस्पिकची दोनच असोत. भिडू बिचारा इस्पिकची चार बारीक पाने घेऊन त्या रंगात बोलेल. डबल म्हणजे त्यांच्या रंगाची पाने कमी आणि बाकीच्या तिन्ही रंगांना आधार, असे त्याने कुठेतरी वाचलेले असते. हा वाचनाचा दोष आहे.

परंतु या शास्त्राचा कळस पाहायचा असेल, तर स्प्लिंटर नावाच्या संकेताकडे वळावे. आपण एक इस्पिक बोललो आणि भिडू एकदम चार किलवर बोलला, तर ठरलेल्या संकेतानुसार तो सांगत असतो की, त्याच्याकडे इस्पिकची निदान चार पाने आहेत, डाव बनवण्याइतके बळ आहे आणि किलवरचे एकच पान आहे किंवा तेही नाही. एका बोलीत एवढी माहिती! हा संकेत शनिवारी संध्याकाळी चहाच्या टेबलावर आपण दोघांनी मिळून ठरवलेला असतो आणि भिडूने तो वहीत लाल शाईने लिहूनही घेतलेला असतो. आता रविवारी तो वापरण्याचा योग आला आहे. भिडू खुर्चीत किंचित पुढे सरकला आहे. आपल्याकडे किलवरची तीन बारीक पाने आहेत आणि भिडूची किलवर चांगली लांबलचक दिसते आहे, असा आपला समज झाला आहे. आपण बोलीच्या पेटीतून हिरवे कार्ड काढून शांतपणे टेबलावर ठेवावे, म्हणजेच पास. डावीउजवीकडचे दोघे, ज्यांच्याकडे मिळून किलवरची नऊ पाने आहेत, एरवी पाच मिनिटे विचार करणारे असले तरी त्या दिवशी विलक्षण तत्परतेने पास देतात. मग आपण आपली पाने मांडावीत आणि भिडूने चार हुकुमांवर दहा हात कसे करायचे, हे त्याच्यावर सोपवून चहा मागवावा.

यावर कोणी म्हणेल की, बोलीतून सांगता आले नाही तर सूचक खोकून सांगावे. विरार लोकलमध्ये गुडघ्यांवर ब्रीफकेस ठेवून खेळणारे ‘एक इस्पिक’ हे शब्द अशा सुरात उच्चारू शकतात की, त्यातून पानांची संख्या, गुण आणि आजचा मूड तिन्ही कळावेत. परंतु ब्रिजच्या नियमावलीचे ७३ वे कलम भिडूंमधला संवाद केवळ बोली आणि खेळलेली पाने यांतूनच व्हावा असे बजावते. १९६५ साली ब्युनॉस आयर्सच्या जागतिक स्पर्धेत ब्रिटनच्या एका जोडीवर, पाने धरताना बोटांच्या संख्येने बदामची पाने कळवल्याचा आरोप झाला. जागतिक महासंघाने त्यांना दोषी धरले आणि मायदेशातल्या चौकशीने पुढच्या वर्षी निर्दोष ठरवले. आपल्यावर असा आरोप येण्याची भीती नाही. आपल्या भिडूला आपल्या बदामांची संख्या कोणत्याही मार्गाने कळलेली नाही, हे सारा जिमखाना शपथेवर सांगेल.

कोणी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी ब्रिजच्या जोडीत मिळवलेल्या सुवर्णपदकाचा दाखला दिला, तर अभिमानाने मान डोलवावी आणि विषय बदलावा.

पानांची ठेवण सांगायची खरी वेळ डाव संपल्यावर येते. तेव्हा मात्र काही हातचे राखू नये. ‘अहो, माझ्याकडे पाच इस्पिक, चार बदाम, तीन किलवर आणि चौकटची एकटी राणी होती, तुम्हाला एवढेही कळू नये?’ असे शेजारच्या दोन टेबलांना ऐकू जाईल इतक्या स्पष्टपणे विचारावे. हे वर्णन सहसा अचूक असते, पण स्पर्धा असेल तर एक काळजी घ्यावी. हल्ली सत्र संपल्यावर सर्व डावांच्या वाटपाचा छापील कागद मिळतो आणि त्यावर प्रत्येकाची तेरा पाने रंगवार मांडलेली असतात. आपली आणि भिडूची अशा दोन्ही प्रती आपणच उचलाव्यात आणि भिडू चपला शोधत असताना जिना उतरावा.