दहा जीबी आणि मामांचे टेम्पो

परवा शनिवारी, संध्याकाळी साडेचारला, आमच्या टॉवेलच्या कारखान्यातलं बिल निघायचं बंद झालं. गेटवर भरलेला ट्रक उभा, ड्रायव्हर दर दोन मिनिटाला हॉर्न मारतोय, आणि माझ्या स्क्रीनवर एरर ११०५: 'प्रायमरी' फाइलग्रुप, म्हणजे डेटा ठेवायची जागा, भरला. कारणात काही गूढ नाही. आम्ही एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस-प्रोग्रॅमची फुकटातली जुनी एक्सप्रेस आवृत्ती (२०२५ च्या आधीची) वापरतो, तिला एका डेटाबेसमागे १० जीबीची मर्यादा आहे, आणि ती संपली.

हे मी मार्चपासून सांगत होतो. एक्सप्रेसमध्ये ठरल्या वेळी काम करणारा एजंट मिळत नाही, म्हणून विंडोजच्या टास्क शेड्यूलरवर मी स्वतःच्या हातानं सोय केली. रोज सकाळी नऊला, किती भरलं आणि किती उरलं, याचा हिशेब. आकडा ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचो. ८५ टक्के. मालकांचा अंगठा. ९१. अंगठा. ९७ ला अंगठा आणि वर जोडलेले हात. ते हात देवाला होते की मला, कोण जाणे.

पण मला सांगायचंय ते मामांबद्दल. मालकांचे सख्खे मामा. हुद्दा काही नाही, केबिनबाहेरची खुर्ची मात्र कायमची.

"काय करलालास बे?"

"मामा, जागा संपली."

मामांनी सीपीयूचा डबा वाकून चारी बाजूंनी बघितला. "फुगलं तर न्हाई."

मी स्क्रीन दाखवली. दाखवायला नको होती, कारण त्यांना डी ड्राइव्ह दिसला. ४०० जीबी मोकळा.

"हे काय मग? रिकामं पडलंय की एवढं!"

"डिस्कवर आहे मामा, पण डेटाबेसला दहाच्या वर वाढायची परवानगी नाही."

"म्हणजे वाडा मोठा हाय, भाडेकरूला एकच खोली."

इतकं नेमकं मला आजवर जमलं नव्हतं. मी खुश झालो.

"मग दुसरी खोली दे की त्याला."

"त्याचे पैसे पडतात."

"मग नको." आणि चहाचा घोट घेऊन, "पर मला एक सांग, उजनी उणे होते तवा बी नळाला पाणी येतंच की. तुझं शंभरला बंद का पडतंय?"

आता याला काय सांगणार! उजनी धरणाचा उपयुक्त साठा त्रेपन्न-चोपन्न टीएमसी, आणि त्याच्याखाली मृतसाठा त्याहून मोठा, त्रेसष्टच्या वर. वरचं संपलं की पेपरात 'उणे' सुरू होतं आणि सोलापूर मृतावर जगतं. डेटाबेसला मृतसाठा नसतो, असं मी ठणकावून सांगितलं. खरं तर ठेवता येतो. एखादं बिनकामाचं टेबल आधीच भरून ठेवायचं आणि अडचणीच्या वेळी उडवायचं. पण हे मामांपुढे कबूल करण्याची माझी तयारी नव्हती.

खरं म्हणजे साठा मोजणं सोलापूरकराला शिकवावं लागू नये. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात बायकापोरांनासुद्धा कुठल्या पिंपात किती बोटं पाणी उरलंय ते तोंडपाठ असतं. आमच्या घरी तर कुठल्या घागरीतलं शिळं आणि कुठल्यातलं ताजं, याचीही नोंद आहे. तीच माणसं कारखान्यात आली की अंगठा दाखवतात.

असो. कुठलं टेबल किती खातंय ते 'एसपी_स्पेसयूज्ड' चालवून बघितलं. दहातले सात जीबी फोटो. गेटमधून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा फोटो डेटाबेसातच ठेवायचा, ही कल्पना कोणाची होती? खुर्ची कायमची असलेल्यांची.

"२०१९ च्या गाड्या काढतो, मामा."

"थांब, बघू दे." आणि त्यांनी एकेक फोटो उघडायला लावला. बाहेर हॉर्न. "हा राहू दे, याचा ड्रायव्हर मोहोळचा, लई भला माणूस." हॉर्न. "ह्या टेम्पोच्या मागं मी उभा हाय बघ. हा कसा काढलालास?" शेवटी ते लघवीला गेले तेव्हा मी पूर्ण २०१९ उडवलं.

आले ते थेट फाइलच्या आकाराकडे. "दहाच हाय की अजून!"

ओळी पुसल्या की जागा फाइलच्या आत मोकळी होते, बाहेरून फाइल तेवढीच दिसते. कपाटातल्या चादरी काढल्या म्हणून कपाट बारीक होत नाही. शिवाय एवढे फोटो पुसल्यावर जागा लगेच हाती येत नाही, मागच्या मागे एक सफाई चालते. तिचं नाव घोस्ट क्लीनअप. हे नाव मी मामांपुढे उच्चारलं, ही माझी चूक.

"भुतं? शनिवारी?" त्यांनी तडक नातवाला फोन लावला. "आमचं पोरगं मोबाईल साफ करतंय."

नववीतलं पोरगं सायकलवरून आलं. मला "उठा काका" म्हणालं. रीसायकल बिन उघडली, रिकामी केली. आत सगळी मिळून तीन पीडीएफ होती. तेवढ्यात माझी भुतं झाडून झाली असावीत, कारण प्रिंटर खरखरला आणि बिल बाहेर आलं.

मालक केबिनमधून धावत आले. पोराच्या पाठीवर थाप, लगेच आईस्क्रीम मागवलं. मला म्हणाले, "जरा नव्या पोरांकडून शिकत जा हो." आईस्क्रीम तीन आले. मालक, मामा, पोरगं. मी बटरस्कॉच खात नाही, हा मुद्दा वेगळा; कोणी विचारलंसुद्धा नाही.

साडेसातला घरी पोचलो तर दारातच रिकामी घागर. पाण्याची पाळी होती, पाच ते सहा. बायको सासरवाडीहून, म्हणजे माझ्या, यायला उशीर होणार म्हणून दुपारपासून मला कळवत होती. तिनं मोबाईल पुढे धरला. 'पाच वाजता मोटर लावा.' माझा अंगठा. 'निघालात का?' अंगठा. 'पाणी आलंय म्हणे.' अंगठा.

तिला सांगितलं, तेव्हा मी भुतं झाडत होतो. तिनं फक्त पिंपात हात घालून दाखवला. चार बोटं.