कचेऱ्या वर न्या, पण वाचनालय गावातच राहू दे

चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पूर आला आणि त्यानंतर जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. गाळ काढला की नाही, धरणातलं पाणी कधी सोडलं, निळी पूररेषा (वारंवार येणाऱ्या पुराची हद्द) कुठून जाते, लाल पूररेषा (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची हद्द) कुठून जाते, आणि या रेषांमध्ये अर्धंअधिक गाव येत असेल तर गावाने करायचं काय. माहेरी फोन लावला की दहा मिनिटांत गाडी तिथेच येते. मामा म्हणतात सगळ्या सरकारी आणि सार्वजनिक इमारती उचलून वर हायवेकडे न्या, एकदाचा प्रश्न मिटेल. धाकटी मावशी म्हणते आम्ही काय पहिल्यांदा पूर बघतोय का, कुठे जायचं नाही. आणि शेवटी दोघांचंही एकमत कशावर, तर "अगं, तिकडे तुमच्याकडे असतं तर दोन वर्षांत सगळं चकाचक केलं असतं."

नसतं केलं. मी वेलिंग्टनला राहते, न्यूझीलंडची राजधानी, आणि इथल्या शहराच्या मधोमध जो सिव्हिक स्क्वेअर आहे तो भूकंपांनी खिळखिळा केल्याला दहा वर्षांच्या वर झाली. टाउन हॉल, मुख्य लायब्ररी, कौन्सिलच्या कचेऱ्या, समुद्राकडे जाणारा पूल, सगळं एका चौकाभोवती, आणि बरीचशी जमीन समुद्रात भर टाकून केलेली. २०१३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दोन मोठे धक्के बसले, त्याच वर्षी १९०४ सालचा टाउन हॉल बंद झाला. मग १४ नोव्हेंबर २०१६ ला मध्यरात्रीनंतर दोन मिनिटांनी कैकौराचा ७.८ चा भूकंप आला आणि कौन्सिलची कचेरी गेली. टाउन हॉलच्या मजबुतीला सुरुवातीला ४.३ कोटी डॉलर लागतील म्हणाले होते, २०२३ मध्ये आकडा ३२.९ कोटींवर गेला, कारण आत भिंती उघडल्या आणि खाली जमीन खणली तसतसं नवनवीन निघत गेलं. २०२४ साली घरपट्टी जवळजवळ १७ टक्क्यांनी वाढली (त्यात पाण्याच्या फुटक्या पाइपलाइनींचा वाटा मोठा होता, तरी लोकांनी बोट टाउन हॉलकडेच दाखवलं). तेव्हा वेग आणि काटकसर शिकायला इकडे बघू नये हे मी मामांना स्पष्ट सांगते.

पण लायब्ररीचं जे झालं ते मात्र नीट बघण्यासारखं आहे. १९९१ मध्ये उघडलेली ही इमारत, बाहेर निकाऊ पामच्या आकाराचे धातूचे खांब, आत शाळेतली पोरं, म्हातारी माणसं, थंडीत नुसतं उबेला बसलेले लोक. २०१६ च्या भूकंपात ती उभी राहिली होती, वापर चालू होता. पण त्याच भूकंपात बंदराजवळच्या एका नव्या सरकारी इमारतीचे मजले अर्धवट कोसळले होते, आतून पोकळ काँक्रीटच्या तयार फळ्यांचे मजले, आणि लायब्ररीचे मजलेही त्याच जातीचे. नवे नियम आले, इंजिनिअरांनी पुन्हा तपासलं, आणि १९ मार्च २०१९ ला कौन्सिलने जाहीर केलं की आज संध्याकाळपासून लायब्ररी बंद. त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी काचेच्या दाराला नोटीस, आणि माझ्या पिशवीत लेकीची परत करायची पुस्तकं तशीच. बाहेरून इमारतीला डोळ्यांना दिसेल असं काहीही झालं नव्हतं, लोक चिडले, मीही चिडले. पण त्या बंदीमागचं कारण झाकून ठेवलं नाही. मजले कसे बसवलेत, भूकंपात ते कुठून सुटू शकतात, हे साध्या माणसाला समजेल असं सांगितलं गेलं. काही महिन्यांत शहरात भाड्याच्या जागेत छोटी लायब्ररी उघडली, मग आणखी दोन, बाकीची पुस्तकं गोदामात, नंबर लावला की मिळायची.

मग पाडायची का ठेवायची यावर वर्षभर भांडण. पाडून नवीन बांधा म्हणणारे होते, दुसरीकडे हलवा म्हणणारेही होते. २०२० मध्ये पर्याय आणि प्रत्येकाचा खर्च लोकांसमोर ठेवून मतं मागवली आणि ठरलं की आहे तिथेच ठेवायची, पण इमारत आणि पाया यांच्यामध्ये भूकंपाचे हादरे झेलणारे बेअरिंग घालायचे, म्हणजे जमीन हलली तरी वरचा भार तिच्याबरोबर झटके खात नाही. कौन्सिलच्या कचेऱ्यांचा निर्णय मात्र उलटा झाला, त्या पाडायच्या, आणि कर्मचारी दुसरीकडे भाड्याच्या जागेत. समुद्राकडचा पूल पाडायचा ठराव २०२४ मध्ये झाला तेव्हा लोकांनी रान उठवलं, त्यात मला लोकांचं बरोबर वाटतं, पण तो वेगळा विषय.

मला चिपळूणसाठी जे म्हणायचंय ते या दोन उलट्या निर्णयांमध्येच आहे. सगळं उचला आणि काहीच हलवू नका, दोन्ही चूक. ज्या कचेऱ्या पुराच्या दिवशी चालू राहायलाच हव्यात त्या वर न्या, ताबडतोब न्या. २०२१ ला एसटी डेपोचे मॅनेजर डेपोची लाखोंची रोकड जवळ घेऊन कित्येक तास बसच्या टपावर बसून होते, आजूबाजूला पाणीच पाणी, त्यांच्या हिमतीला माझा नमस्कार आहे, पण सरकारी पैसा आणि माणसाचा जीव दोन्ही बसच्या टपावर ही आपली आपत्ती व्यवस्था असू शकत नाही. आपत्कालीन कक्ष, रेकॉर्ड, वीज आणि फोनची यंत्रणा, यांच्याशी गावाची भावना गुंतलेली नसते, त्यांना उंची हवी.

लोटिस्माचं, म्हणजे चिपळूणच्या जुन्या वाचनालयाचं, तसं नाही. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं आहे, २६ जुलै २००५ च्या पुरात हजारो पुस्तकांचा चिखल झाला, तिथून उभं राहून २०१३ ला याच संस्थेने साहित्य संमेलन घेतलं, आणि २०२१ ला पुन्हा पाणी. ते हायवेला नेऊन ठेवलं तर इमारत कोरडी राहील, पण बाजारात भाजी घेऊन येताना पुस्तक बदलणारी बाई तिथे रिक्षा करून जाणार नाही, माझी आजी तरी गेली नसती. नाट्यगृहाचंही तेच. माणसं जिथे जमतात ती जागा गावातच हवी आणि त्यासाठी जो जास्तीचा खर्च आहे तो मान्य करायला हवा.

फक्त "पिलर्सवर उचला, खाली पार्किंग ठेवा" एवढ्यावर कोणी समाधान मानू नये. पुरासाठी हा उपाय सरळ वाटतो. पण २००१ च्या भूकंपात अहमदाबादला ज्या बिल्डिंगी बसल्या त्यातल्या कितीतरी अशाच होत्या, खाली नुसते खांब, वर भरलेले मजले, आणि खालचा मजला मोडला. आपण कोयनेच्या शेजारी आहोत. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेला, आणि अजूनही घाटाकडून धक्का आला की भांडी वाजतात. तेव्हा जे डिझाइन होईल त्यात पुराची पातळी आणि भूकंप दोन्हीचा हिशोब एकत्र मांडलेला पाहिजे. हे श्रीमंतांचे चोचले आहेत असं मामा म्हणतात, तर भूजचं सरकारी हॉस्पिटल २००१ नंतर शिशा-रबराच्या बेअरिंगवर बांधलंय, आणि ते तंत्र या वेलिंग्टनच्या जवळच निघालेलं आहे. वाचनालयाला तेवढं लागेलच असं नाही, खालचा मजला मोकळा ठेवून योग्य त्या भिंती आणि ब्रेसिंग (खांबांना तिरपे आधार) दिलं तरी भागू शकेल, पण ते इंजिनिअरने कागदावर लिहून द्यावं.

आणि तो कागद आधी दिसावा. आपल्याकडे भूमिपूजनाचा फलक आधी दिसतो, स्ट्रक्चरल ऑडिट कुठल्या कपाटात असतं ते कळत नाही, आणि चिपळूणच्या बसस्थानकाचं काम किती वर्षं रखडलं हे मी सांगायला नको. कुठल्या पातळीचं पाणी धरलंय, कुठला भूकंप धरलाय, दुरुस्तीचा खर्च किती, नवीन बांधायचा किती, काम चालू असताना पुस्तकं आणि नाटकं कुठे राहणार, एवढी पाच उत्तरं मराठीत छापून नगरपालिकेच्या आणि लोटिस्माच्या दारात लावा, आणि मग सभा बोलवा. मामांना मी हेच सांगितलंय, पुढच्या सभेत हात वर करून पहिलं हे मागा, जागेचं भांडण त्यानंतर करा.