पुरवणी

आमच्या पतसंस्थेत माझं काम वसुलीचं. माझी मोटारसायकल गल्लीत वळताना दिसली की माणसं रस्ता ओलांडतात. घरात असली, तर पोराला दारात पाठवून ‘पप्पा रानात गेलेत’ असं सांगायला लावतात. चोवीस वर्षं हे पाहिल्यावर माझी अशी समजूत झाली होती की तोंड चुकवायची पाळी फक्त कर्जदारावर येते. मग मी बी. कॉम.ला प्रवेश घेतला.

शाखाधिकारी व्हायचं तर पदवी पाहिजे, असा ठराव आमच्या संचालक मंडळानं केला. ठरावाला हात वर करणाऱ्यांतल्या चौघांची शाळा दहावीच्या अलीकडेच सुटलेली. पण संचालकाला पदवीची अट नाही, निवडून यायची आहे.

१९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं, तेव्हा मी दहावीत होतो. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. गंगा दारात आली ती वेळेवरच, मलाच बादली सापडायला तीस वर्षं लागली. प्रवेशाला बारावीची गुणपत्रिका लागत होती, ती पत्र्याच्या पेटीत आईच्या लुगड्याखाली निघाली. शिवाय मधल्या वर्षांचं प्रतिज्ञापत्र : १९९१ पासून आजतागायत मी कुठेही शिक्षण घेतलेलं नाही. मी ते मोठ्यानं वाचलं तशी बायको आतून म्हणाली, “अहो, साक्षीदार लागला तर सांगा, मी सही करते.”

अभ्यास पहाटे पाचला. संध्याकाळी सोय नव्हती, कारण पुस्तक उघडलं की तिसऱ्या ओळीला पिग्मी एजंटचा फोन यायचा आणि पाचव्या ओळीला झोप. सहकाराचा पेपर आपल्या हातचा मळ, असं मी धरून चाललो होतो. तर पुस्तक थेट इंग्लंडात शिरलं. १८४४ साली रॉचडेल गावी अठ्ठावीस जणांनी, त्यात बरेचसे विणकर, मिळून एक दुकान काढलं. लोणी, साखर, पीठ, मेणबत्त्या. आणि उधारी साफ बंद, सगळा व्यवहार रोख. ते वाक्य मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

“मग तिथं तुमच्यासारखा माणूस ठेवायची गरजच पडली नसंल,” ती म्हणाली.

पुढे १९०४ चा कायदा आला. सावकाराच्या पाशातून शेतकऱ्याला सोडवायला सरकारनं पतसंस्थांची वाट काढून दिली, हे वाचताना अंगणातल्या माझ्याच मोटारसायकलकडे मी जरा वेगळ्या नजरेनं बघितलं.

डोकं साथ देत होतं, हात देत नव्हता. इतक्या वर्षांत मी हातानं लिहिलेला सगळ्यांत मोठा मजकूर म्हणजे माझी सही. बाकी सगळं संगणकावर, नोटिशीचासुद्धा नमुना ठरलेला. नाव आणि रक्कम बदलायची. मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, “पप्पा, रोज तीन पानं लिहून काढा, आणि समास नीट सोडा.” हेच मी तिला दहावीला सांगितलं होतं. आवाजही तोच लावला होता तिनं.

परीक्षेला बाक मिळाला तो नववीच्या पोरांचा. उजवा गुडघा आत जाईना, तो बाहेर ठेवून बसलो. घंटा झाली आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आत आले ते सर आमच्या संस्थेचे जामीनदार निघाले.

मेहुण्याच्या ट्रॅक्टरला यांनी सही दिलेली. मेहुणा सहा हप्त्यांनंतर मावळला. आम्ही सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला काढला, आणि मार्चअखेर मी सरांच्या ओसरीवर तासभर बसून होतो. ते म्हणाले होते, “एवढी ओळख आहे आपली.” मी म्हणालो होतो, “ओळख वेगळी, हप्ता वेगळा, सर.”

सर माझ्या बाकाशी थांबले. हॉलतिकिटावरचा फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला.

“ओळखपत्र?”

“सर, तुम्ही ओळखता की मला.”

“ओळख वेगळी, ओळखपत्र वेगळं.”

ओळखपत्र दाखवलं. दुसराच प्रश्न : पतसंस्थांच्या थकबाकीची कारणे सांगून उपाय सुचवा. अंगात वारं शिरलं. यावर मी चार दिवस लिहू शकलो असतो. अनुभव उतू चाललेला. पहिलं कारण लिहून झालं, ‘मेहुणा’. मान वर केली, तर सर डोक्याशी उभे, चष्मा कपाळावर चढवून वाचत होते. मी ते खोडलं आणि वर लिहिलं, ‘कर्जाचा अनुत्पादक कामासाठी वापर’.

दोन तासांत पानं संपली. अंगठा काठीसारखा ताठ झालेला.

“सर, पुरवणी.”

“देतो.”

पाच मिनिटं गेली. ते खिडकीशी उभे राहून मैदान बघत होते.

“सर, पुरवणी पाहिजे होती.”

“देतो म्हटलं ना. पळून चाललोय का कुठं?”

अक्षरन् अक्षर ओसरीवरचं. पुढची दोन पोरं हसली, त्यांना वाटलं सर गमतीशीर आहेत. तिसऱ्यांदा मागितल्यावर पुरवणी आली. दोरा मात्र मला ओवता येईना. बोटं थरथरत होती आणि चष्मा जवळचा की लांबचा लावायचा हे ठरत नव्हतं. सरांनी पुरवणी माझ्या हातातून घेतली, मुकाट्यानं गाठ मारली आणि हळू आवाजात म्हणाले, “लिहा आता. अजून वेळ आहे.”

वेळ नव्हता. पाचवा प्रश्न कोराच राहिला. उत्तरपत्रिका ओढून घेताना मी म्हणालो, “सर, पाचच मिनिटं.”

“मुदतवाढीचा अर्ज आधी करायचा असतो,” ते म्हणाले. हे वाक्यही आमच्याच नोटिशीतलं.

दोन महिन्यांनी हप्त्यासाठी त्यांच्या दारात गेलो. पोरगं बाहेर आलं. “पप्पा रानात गेलेत.” मी वळलो, तसं ते आत जाऊन परत आलं.

“काका, तुमचा निकाल लागला का, विचारलंय.”

“कुणी?”

“रानातनं पप्पांनी.”

निकाल लागून चार दिवस झाले होते. “अजून नाही,” म्हणालो आणि गाडीला किक मारली.