घाट रुंद नको, शाबूत हवा

जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही सायकलची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. एकूण अंतर 437 किलोमीटर; मुळशी, मावळ, पुरंदर, बारामती असा मोठा पल्ला. तिच्यावरून पेटलेला वाद मी इथे इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये बसून अजून वाचते आहे. एक बाजू म्हणते, शर्यतीच्या निमित्ताने का होईना, रस्ते झाले, सह्याद्री आणि आपले गड जगाला दिसले. दुसरी बाजू विचारते, रोज त्याच खड्ड्यांतून जाणाऱ्यांसाठी जे डांबर वर्षानुवर्षं मिळालं नाही, ते पाहुण्यांसाठी काही महिन्यांत कुठून आलं? दुसऱ्या बाजूचा राग मला रास्त वाटतो. पण दोन्हीकडची चर्चा डांबरापाशीच अडकली आहे, आणि पुढची पाच-दहा वर्षं ज्यावर अवलंबून आहेत तो प्रश्न कुणी फारसा विचारत नाही: हे घाटरस्ते आपल्याला कसे हवे आहेत?

मी मूळची पुरंदर तालुक्यातली, आणि आता लीड्सजवळ राहते. हा प्रश्न माझ्या दोन्ही घरांचा आहे, कारण यॉर्कशायर या सगळ्यातून बारा वर्षांपूर्वी गेलं.

5 जुलै 2014 ला ‘टूर द फ्रान्स’ ही सायकल शर्यत लीड्सहून निघाली. पहिल्याच दिवशी 190 किलोमीटर. स्किप्टन, केटलवेल, हॉझ अशा डोंगरी गावांतून, बटरटब्सची 526 मीटर उंचीची खिंड ओलांडून हॅरोगेटला मुक्काम. दुसऱ्या दिवशी यॉर्क ते शेफील्ड. दगडी कुंपणांच्या दुतर्फा लाखो माणसं उभी होती, गावागावांत पिवळ्या रंगाने रंगवलेल्या सायकली टांगल्या होत्या. त्या उत्साहातून 2015 पासून ‘टूर द यॉर्कशायर’ ही स्वतःची शर्यत सुरू झाली, 2019 मध्ये हॅरोगेटला जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. मग करोना आला. 2019 नंतर ती शर्यत पुन्हा भरलीच नाही, आणि 2022 मध्ये तिच्यामागची पर्यटन संस्थाही बंद पडली.

तरीही कुठल्याही रविवारी सकाळी ऑटलीहून वर जाणाऱ्या रस्त्यावर सायकलवाल्यांची रांग असते: सत्तरीचे आजोबा, शाळकरी मुलं, कामगार वस्तीतले क्लब, आणि आता आमच्यासारखे देशी चेहरेही. हे शर्यतीमुळे झालं असं इथले जुने लोक मानत नाहीत. ते म्हणतात, रस्ते आधीपासून असे होते म्हणून शर्यत इथे आली, आणि इतिहास पाहिला तर त्यांचं म्हणणं पटतं. सायकलवरून फिरणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना 1878 मध्ये याच हॅरोगेटमध्ये स्थापन झाली. मोटारगाडी तेव्हा रस्त्यावर आलीही नव्हती. धोकादायक उतारांच्या माथ्यावर सावधानतेचे फलक लावण्याचं काम या मंडळींनी स्वतःच्या पैशाने केलं, आणि 1886 मध्ये सायकलवाल्यांच्याच पुढाकाराने रस्तेसुधारणेची चळवळ उभी राहिली. लीड्सजवळच्या मॉर्लीची बेरिल बर्टन शेतावर राबायची आणि उरलेल्या वेळात याच मुलखात सायकल चालवायची. तिने 1967 मध्ये बारा तासांत 277.25 मैल कापले आणि पुरुषांचा विक्रमही मागे टाकला. शर्यती येतात-जातात, पण असा वारसा पिढ्यान् पिढ्या वापरलेल्या रस्त्यावरच तयार होतो.

आता हे रस्ते आहेत तरी कसे? आमच्याकडून रिपनला जा. गावाबाहेर थोड्याच अंतरावर फाउंटन्स ॲबी आहे, 1132 मध्ये स्थापन झालेला मठ. आठव्या हेन्रीने 1539 मध्ये तो बंद पाडला. भग्न कमानी अजून उभ्या आहेत आणि 1986 पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. त्या मठाच्या मेंढ्या ज्या वाटेने डोंगरापलीकडच्या कुरणांत जायच्या, ती मॅस्टाइल्स लेन नावाची गवताळ वाट आजही आहे, आणि मोटारींना तिच्यावर मज्जाव आहे. उत्तरेला जर्व्हॉ ॲबी खासगी मालकीची. दाराशी पेटी ठेवलेली असते, प्रवेशाचे पैसे आपणच टाकायचे. पुढे मिडलहॅमचा किल्ला, जिथे तिसऱ्या रिचर्डचं बालपण गेलं. त्यापुढे कॅसल बोल्टन, जिथे स्कॉटलंडच्या मेरी राणीला कैदेत ठेवलं होतं. या सगळ्यांना जोडणारा रस्ता बहुतेक ठिकाणी इतका अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तर सायकलवाल्याने कुंपणाला टेकून उभं राहायचं. वळणं काढून टाकलेली नाहीत, चढ कापलेले नाहीत, दोन्ही बाजूंना चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती तशाच आहेत. सुट्टीच्या दिवशी मोटारी येतातच, पण त्या रस्त्याला वेग मानवत नाही. म्हणून इथे सायकल चालवता येते.

इथलं सगळं गोमटं आहे असं मात्र मुळीच नाही. याच अरुंद रस्त्यांवर कायद्याने ताशी 60 मैलांची मुभा आहे, जी मला आजही धडकी भरवते. 2022 पासून नियमावली सांगते की सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवा. ते न पाळणारे रोज भेटतात. खड्डे इथेही आहेत, आणि हिवाळ्यानंतर तर फारच. त्याहून खोल दुखणं वेगळं आहे. चित्रासारखी राहिलेली ही गावं श्रीमंतांनी सुट्टीच्या घरांसाठी विकत घेतली, स्थानिक तरुणांना तिथे घर परवडत नाही, आणि मुलं नाहीत म्हणून शाळा अडचणीत येतात. नॉर्थ यॉर्कशायरच्या कौन्सिलने एप्रिल 2025 पासून अशा दुसऱ्या घरांवर दुप्पट कर लावला तो यामुळेच. तेव्हा गाव जपायचं म्हणजे गावातली माणसं उठवून देखावा ठेवायचा, हा मार्ग मला आपल्याकडे नको आहे.

आपल्याकडचा माझा सर्वांत लाडका रस्ता सासवडहून निघतो. सोपानदेवांच्या समाधीपासून नारायणपूर, जिथे नारायणेश्वराचं यादवकालीन मंदिर आहे आणि डोक्यावर पुरंदर. मुरारबाजींचा तो गड, 1665 च्या तहाचा आणि शंभूराजांच्या जन्माचा. मग कापूरहोळला महामार्ग ओलांडून भोर, तिथला राजवाडा, बाजूला रोहिडा. आंबवड्याच्या झुलत्या पुलापाशी थांबून पाणी प्यायचं आणि मांढरदेवीचा घाट चढायला लागायचं. हा घाट सोपा नाही. छोटा गिअर टाकून, मान खाली घालून, एकेक वळण मोजत जावं लागतं. माथ्यावर काळूबाईला हात जोडले की पलीकडे कृष्णेचं खोरं उघडतं. खाली वाई, आणि जरा पुढे मेणवली: नाना फडणवीसांचा वाडा, नदीचा घाट आणि वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा. टूर द फ्रान्सच्या पहिल्या दिवसाइतका इतिहास इथे एका सकाळच्या अंतरात मिळतो. पुण्याचे बीआरएमवाले, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला कापणारे, सायकलपटू हे केव्हापासून जाणतात.

आणि याच टापूत सगळीकडे रुंदीकरण चालू आहे. माउलींच्या पालखीचा मार्ग चौपदरी झाला, दिवे घाटाचं काम निघालं. वाई-सुरूर रस्त्यावरच्या जुन्या वडांवर कुऱ्हाड येणार म्हणून वाईकरांनी आवाज उठवला. दर वेळी युक्तिवाद एकच: रस्ता अरुंद आहे, अपघात होतात, विकास अडतो.

माझा चुलतभाऊ सीताफळाचा बागायतदार आहे. मी फोनवर हे बोलायला लागले की तो म्हणतो, “ताई, तुला तो रस्ता बघायचाय, आम्हाला वापरायचाय. पहाटे क्रेट मार्केट यार्डात वेळेत पोचले नाहीत तर भाव पडतो. बाळंतीण बाई जीपमधून नेताना वळणं मोजायला कुणाला वेळ आहे?” तो बरोबर बोलतो आहे, आणि परदेशात बसून त्याला निसर्गसौंदर्याचे धडे देण्याचा मला अधिकार नाही.

म्हणूनच त्याच्या अडचणीकडे नीट पाहू. त्याच्या रस्त्यावर क्रेट अडकतात ते रस्ता दहा मीटर नाही म्हणून अडकत नाहीत. गटार नसल्याने पावसाळ्यात पाणी रस्त्यावरून वाहतं, डांबर उखडतं, साइडपट्टी खचते आणि दोन गाड्या एकमेकींना ओलांडताना एक चाक चरात जातं. मोरी तुंबलेली, कठडा तुटलेला, आणि डागडुजी म्हणजे ठिगळावर ठिगळ. हे सगळं रुंदीकरणाशिवाय दुरुस्त होतं. उलट डोंगर कापून घाट रुंद केला की दोन गोष्टी घडतात. कापलेला कडा पावसाळ्यात दरडीच्या रूपाने रस्त्यावर येतो, म्हणजे बाळंतिणीची जीप अडकायची ती अडकतेच. आणि मोकळा रस्ता मिळताच गाड्यांचा वेग वाढतो, गावातून जातानाही कमी होत नाही. मग अपघात थांबवायला गतिरोधक घालायचे, त्यावर सगळ्यांनी कंबर मोडून घ्यायची.

मोठ्या वाहतुकीला मोठा रस्ता लागतो, हे मला मान्यच आहे. साताऱ्याकडचा महामार्ग रुंद असायलाच हवा. पण जिल्ह्यातला प्रत्येक रस्ता महामार्गाची धाकटी आवृत्ती करण्याचं कारण काय? यॉर्कशायरमध्ये नवा रस्ता झाला की पुष्कळदा जुना तसाच सोडतात. गावाला तो पुरतो, आणि सायकलवाले त्यावरून जातात. आपल्याकडे रुंदीकरण जुन्या रस्त्याला, त्याच्या वडांना आणि मैलाच्या दगडांना गिळूनच होतं. जिथे बाह्यवळण रस्ता काढणं शक्य आहे तिथे तरी जुना तुकडा राखता येईल, आणि त्यासाठी आधी कुणाच्या तरी नकाशावर त्याची वारसा म्हणून नोंद हवी.

इंग्लंडमधली एक गोष्ट मला आपल्या बांधकाम खात्यापर्यंत पोचवावीशी वाटते. इथल्या राष्ट्रीय सायकल मार्गांचं जाळं तेव्हा ‘सस्ट्रान्स’ नाव असलेल्या धर्मादाय संस्थेने उभं केलं, 1995 मध्ये लॉटरीच्या निधीतून मिळालेल्या चार कोटींहून अधिक पौंडांच्या आधारे. त्याच संस्थेने 2020 मध्ये जवळजवळ पाव जाळं स्वतःहून यादीतून काढलं, कारण ते मार्ग गर्दीच्या रस्त्यांवरून जात होते. त्यांची कसोटी साधी होती: समंजस बारा वर्षांचं मूल या मार्गावरून एकटं सायकलने जाऊ शकेल का? जाऊ शकत नसेल तर त्याला सायकल मार्ग म्हणायचं नाही. आपली लांबी अशी कमी करून घेण्याचं धाडस फार थोड्या संस्था दाखवतात.

ही कसोटी आपल्याला परकी नाही. मानव विकास कार्यक्रमात महाराष्ट्र सरकार मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली देतं. उत्तम योजना आहे. त्या मुली आपल्या ग्रामीण रस्त्यांवरच्या खऱ्या सायकलपटू आहेत, कार्बनच्या सायकलीवर घाट चढणाऱ्या आमच्यापेक्षा कितीतरी जास्त. मग शर्यतीच्या मार्गाचं मूल्यमापन त्यांच्यावरून का करू नये? नारायणपूरची बारा वर्षांची मुलगी या गुळगुळीत रस्त्याने शाळेत एकटी जाऊ शकते का? रस्ता चकचकीत झाल्यावर गाड्या दुप्पट वेगाने जात असतील, तर शर्यतीने तिच्याकडून सायकल काढून घेतली असं म्हणावं लागेल.

आणखी एक गोष्ट गडांबद्दल. जुलै 2025 मध्ये ‘मराठा लष्करी स्थापत्य’ म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. राजगड आणि लोहगड पुणेकरांच्या रोजच्या ओळखीचे. मान मिळाल्यावर लगेच मोठे रस्ते, मोठे वाहनतळ, रोपवे या मागण्या पुढे येतील. राजगडाच्या रोपवेवरून तर आधीच खटके उडाले आहेत. ज्यांचं सगळं सामर्थ्यच दुर्गम वाटेत होतं, त्या गडांना मोटारीने गाठण्याची घाई मला पटत नाही. पायथ्यापर्यंत वेळेवर सुटणारी एसटी हवी, तिच्यात सायकल ठेवायची सोय हवी, पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी करणाऱ्या घरांना परवाना आणि पाण्याची जोडणी सुलभ हवी. सायकलवर आलेला माणूस चार ठिकाणी थांबतो, खातो, मुक्काम करतो. मोटारीतून आलेला गडाच्या दारात गाडी लावून फोटो काढून जेवायला पुण्याला परततो. पैसा कुणाचा गावात राहतो ते माझ्या चुलतभावालाही पटलं. अंजिरं आणि सीताफळं सुट्टी विकली जातात ती थांबणाऱ्यालाच.

पुण्यातल्या सायकल क्लबांनी, गडप्रेमी संस्थांनी आणि या मार्गावरच्या ग्रामपंचायतींनी एकत्र बसून शर्यतीच्या 437 किलोमीटरची यादी करावी. कुठला तुकडा रुंद व्हायलाच हवा, कुठला आहे तसाच ठेवून गटार, मोरी, साइडपट्टी आणि कठड्यांची दरवर्षी दुरुस्ती हवी, गावठाणात वेगमर्यादा किती, हे प्रत्येक तुकड्यापुढे लिहावं. मग ती यादी ग्रामसभेत मंजूर करून जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीआधी पालकमंत्र्यांच्या हातात द्यावी. पुढची शर्यत जाहीर होईल तेव्हा निधीची घोषणाही होईल. तो कुठे खर्च करायचा हे तोवर गावांनी ठरवलेलं असलं पाहिजे.