व्यापारवाद्यांना वेड्यात काढण्याआधी

टेरिफची, म्हणजे आयातशुल्काची, बातमी आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. स्पर्धा परीक्षांच्या नोट्समधून तो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि हल्ली व्हिडिओंतही कुणीतरी तो जसाच्या तसा वाचून दाखवतं. सारांश असा (व्यापारवादी म्हणजे व्यापारातून देशाचा खजिना वाढवा, असं सांगणारे जुने लेखक): "सतराव्या शतकातले इंग्लंडचे व्यापारवादी सोन्या-चांदीलाच संपत्ती समजत. म्हणून ते सोनं-चांदी देशाबाहेर जाऊ देत नसत. पैसा वाढला की किमती वाढतात, एवढंही त्यांना कळत नव्हतं. व्याजदर कायद्याने कमी करा, ही त्यांची सामाईक मागणी होती. १७७६ मध्ये अ‍ॅडम स्मिथने हे सगळं खोडून काढलं आणि पैशाचा बाजार सरकारी बंधनातून सुटला."

पाठ करायला हे फार सोयीचं आहे. पण ज्यांच्याबद्दल हे लिहिलंय त्यांचं लिखाण कुणी उघडून पाहिल्याची खूण यात नाही.

सुरुवात दुसऱ्या वाक्यापासून करतो, कारण तिथे प्रकार सरळ उलटा आहे. व्यापारवाद्यांमधला सगळ्यांत गाजलेला लेखक म्हणजे थॉमस मन. हा १६१५ पासून ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक होता. कंपनीची अडचण अशी की इंग्लंडकडे विकायला होतं ते जाडजूड लोकरी कापड, आणि सुरतेच्या किंवा जावाच्या उकाड्यात त्याला गिऱ्हाईक कुठून मिळणार? मिरी, नीळ, सुती कापड हवं तर रोख चांदी मोजावी लागे. म्हणून १६०० च्या सनदेतच कंपनीला दर सफरीला ३०,००० पौंडांपर्यंत चांदी नेण्याची मुभा दिलेली होती. १६२० च्या सुमाराला इंग्लंडमध्ये मंदी आली, कापडाची निर्यात कोसळली, नाणी दिसेनाशी झाली आणि लोकांनी बोट दाखवलं ते कंपनीकडे. चांदी नेतात ते हेच!

यावर मनने १६२१ मध्ये एक पुस्तिका काढून हिशेबच मांडला. मिरी तुर्कांच्या ताब्यातल्या अलेप्पोच्या बाजारातून घेतली तर रत्तलाला २ शिलिंग पडतात, थेट पूर्वेकडून आणली तर अडीच पेन्स. शिलिंगाचे १२ पेन्स धरले की फरक जवळपास दहापट. म्हणजे जहाजं पाठवली नाहीत तर चांदी वाचत नाही, ती तुर्कांच्या मुलखात जास्त जाते. त्याचं मोठं पुस्तक मुलाने १६६४ मध्ये, मनच्या मृत्यूनंतर छापलं. त्यात तो आणखी पुढे जातो. एक लाख पौंड पूर्वेकडे पाठवा, मिरी आणा, ती इटली किंवा तुर्कस्तानात विका, निदान सात लाख हाती येतील. यातला बराचसा भाग नफा नाही, जहाजं, खलाशांचे पगार, शिधा, विमा, व्याज आणि जकात यांचा आहे, हेही तो लगेच सांगतो. तिथेच त्याचा प्रसिद्ध दाखला येतो: पेरणीच्या दिवसांत चांगलं धान्य मातीत फेकणारा शेतकरी पाहिला तर तो वेडाच वाटेल, पण सुगीत त्याच्याकडे बघा. हाच उतारा स्मिथने आपल्या १७७६ च्या 'वेल्थ ऑफ नेशन्स' या पुस्तकात उद्धृत केला आहे. त्याच्या किती तरी आधी, १६६३ मध्ये, परदेशी नाणी आणि चांदी-सोन्याच्या लगडी बाहेर नेण्यावरची बंदी इंग्लंडने कायद्यानेच उठवली होती.

मन कंपनीचा माणूस होता, तेव्हा तो कंपनीचीच वकिली करत होता, हे उघड आहे. याच काळातला एडवर्ड मिसेल्डन १६२२ मध्ये चांदी बाहेर जाते म्हणून पूर्वेच्या व्यापारावर टीका करतो आणि १६२३ च्या पुस्तकात सूर बदलतो. मधल्या काळात कंपनीशी त्याचं सूत जुळलं होतं. (तज्ज्ञांची मतं अशी बदलणं आपल्यालाही नवं नाही.) चांदी रोखण्याचा खरा आग्रह होता तो जेरार्ड मॅलिन्सचा. हुंडणावळीचा, म्हणजे देशादेशांच्या चलनांच्या अदलाबदलीचा, दर सरकारने ठरवावा, असं तो म्हणे आणि मिसेल्डनशी त्याची छापील भांडणं चालत. या सगळ्यांना एका नावाखाली कोंबून त्यांच्या तोंडी एकच मत घालायचं म्हणजे कमालच आहे.

"सोनं-चांदी हीच संपत्ती" या पहिल्या वाक्यात थोडं तथ्य आहे. परदेशी लोकांकडून जितकं घेता त्याहून जास्त मूल्याचा माल त्यांना विका, म्हणजे देशाचा खजिना वाढेल, हा नियम मननेच घालून दिला. पण त्या काळी नोटा नव्हत्या आणि बँकाही नावापुरत्याच. मजुरी, भाडं, कर, सगळं नाण्यांत. त्यात युरोपातल्या 'तीस वर्षांच्या युद्धा'च्या सुरुवातीला अनेक जर्मन राज्यांनी हिणकस नाणी पाडली, इंग्लिश कापड तिकडे महाग पडू लागलं आणि इकडे विणकर बेकार झाले. अशा वेळी चांदीची चिंता करणारा माणूस हा धंदा आणि रोजगाराची चिंता करत असतो. मन तर स्पष्ट लिहितो की खाणीतल्या लोखंडाच्या दगडाला फारशी किंमत नाही, तो खणणं, वितळवणं, वाहून नेणं, त्याच्या तोफा ओतणं यातून जो रोजगार आणि लाभ होतो तो मोठा. याच शतकातला लेखक विल्यम पेटी तर पैशाला राज्याच्या शरीरातली चरबी म्हणतो: फार झाली तर चपळपणा जातो, कमी पडली तर माणूस आजारी पडतो. सोन्यापुढे आंधळा झालेला माणूस असं कशाला लिहील?

पैसा आणि किमती यांचा मुद्दा दोन ओळींत संपतो. राज्यात पैसा मुबलक झाला की देशी माल महाग होतो, हे सगळ्यांनाच मान्य आहे, असं मन आपल्या पुस्तकात जाता जाता सांगतो. यावरून पुढची पायरी, म्हणजे व्यापारातली तफावत किमतींच्या चढउतारातून आपोआप भरून येते, ही स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७५२ मध्ये गाठली. मन तिथवर पोचला नाही, एवढं म्हणा.

आता व्याज. माझा मुख्य राग या चौथ्या वाक्यावर आहे, कारण सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधला बहुधा सगळ्यांत रंगलेला आर्थिक वाद त्यात एका ओळीत गाडला जातो.

इंग्लंडमध्ये व्याजाची कायदेशीर कमाल मर्यादा १५७१ पासून शेकडा १० होती. १६२१ मध्ये केंटमधला जमीनदार सर थॉमस कल्पेपर याने ती कमी करा म्हणून पुस्तिका लिहिली. जमीनदाराला यात काय मिळणार, हे साध्या हिशेबाने कळतं. वर्षाला १०० पौंड खंड देणारी जमीन, व्याज १० टक्के असताना साधारण हजार पौंडांची ठरते, ५ टक्के झालं की दोन हजारांची. १६२४ मध्ये मर्यादा ८ वर आली, १६५१ मध्ये ६ वर, आणि मध्यंतरी गेलेली राजेशाही परतल्यावर १६६० मध्ये तीच कायम झाली.

१६६८ मध्ये लंडनचा व्यापारी जोसाया चाइल्ड मैदानात उतरला. (याच वर्षी इंग्लंडच्या राजाने आपली मुंबई वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.) चाइल्डचं म्हणणं, मर्यादा ४ वर आणा. डच लोक आपल्याला व्यापारात का मागे टाकतात, याची पंधरा कारणं त्याने दिली. त्यातलं शेवटचं आणि त्याच्या मते बाकी सगळ्यांच्या मुळाशी असलेलं कारण म्हणजे तिथलं ३ टक्क्यांचं व्याज. इंग्लिश व्यापारी चार पैसे जमले की धंदा सोडतो, पैसा व्याजी लावतो आणि आरामात बसतो. डच व्यापाऱ्याला तीन टक्क्यांत आराम परवडत नाही, म्हणून त्याची पोरं-नातवंडं धंद्यातच राहतात. हे निरीक्षण मला अजूनही तल्लख वाटतं.

पण उत्तर लगेच आलं. त्याच वर्षी निघालेल्या एका निनावी पुस्तिकेने म्हटलं की चाइल्डने कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केली आहे. हॉलंड श्रीमंत आहे म्हणून तिथे व्याज कमी, व्याज कमी म्हणून हॉलंड श्रीमंत नव्हे. १६६९ मध्ये थॉमस मॅनलीनेही सहा टक्क्यांची मर्यादा योग्यच असल्याचं मांडत चाइल्ड आणि कल्पेपर या दोघांचा समाचार घेतला. चाइल्डने माघार घेतली नाही. एके काळचा परिणाम पुढे कारण होऊ शकतो, असं त्याचं उत्तर होतं.

खुद्द मन काय म्हणतो? व्याज वाढलं की व्यापार घटतो, हे त्याला मान्यच नाही. दोन्ही बरोबर वाढतात आणि बरोबर पडतात. ज्याच्याकडे भांडवल नाही असा तरुण व्यापारी कर्ज काढून उभा राहतो, श्रीमंताचा पैसा त्याच्या हातात फिरतो. म्हणजे "व्यापारवाद्यांची सामाईक मागणी" व्यापारवाद्यांच्या सर्वांत मोठ्या पुस्तकालाच मान्य नाही!

पुढची नावं भराभर घेतो. पेटीने १६८२ मध्ये व्याजाला कायद्याने बांधण्याला विरोध केला. निकोलस बार्बनने १६९० मध्ये म्हटलं की व्याज नाण्यांबद्दल दिलं जातं असं समजणं चूक आहे, ते भांडवलाबद्दल दिलं जातं, जमिनीला जसा खंड तसं. डडली नॉर्थने १६९१ मध्ये लिहिलं की देणारे जास्त आणि घेणारे कमी झाले की व्याज आपसूक उतरतं. त्याच पुस्तकात म्हटलंय की व्यापाराच्या दृष्टीने सगळं जग हेच एक राष्ट्र. अठराव्या शतकातला वाटावा असा हा विचार स्मिथच्या पुस्तकाच्या ८५ वर्षं आधी छापून आला आहे.

आणि तत्त्वज्ञ जॉन लॉक. १६६८ च्या वादातच त्याने टिपणं काढायला सुरुवात केली होती, ती १६९२ मध्ये पुस्तक म्हणून आली. लॉक म्हणतो, घर किंवा जहाज भाड्याने देण्याचा दर कायद्याने ठरत नाही, तसा पैशाचाही ठरत नाही. जबरदस्ती केली तर मुरलेली माणसं पळवाटा काढतील, लंडनचे सोनार-सावकार स्वस्तात ठेवी घेऊन महागात कर्ज देतील आणि ज्यांना व्यवहार कळत नाही अशा विधवा, अनाथ मुलं भरडली जातील. त्याच वेळी व्यापारातून सोनं-चांदी देशात आली पाहिजे, असंही हाच लॉक ठामपणे सांगतो. आता फॉरवर्डच्या कप्प्यांत लॉकला कुठे बसवायचं? एका हाताने व्यापारवादी, दुसऱ्या हाताने बाजारवादी असा माणूस त्या कप्प्यांत मावत नाही.

शेवटचं वाक्य स्मिथबद्दल, आणि इथे मला हसू येतं. चाइल्डला हवी असलेली ४ टक्क्यांची मर्यादा आली नाही, पण १७१४ मध्ये ती ५ वर आली आणि स्मिथच्या काळात तीच लागू होती. स्मिथने ती उठवा म्हटलं का? नाही. मर्यादा असावी, बाजारातल्या सर्वांत कमी दरापेक्षा किंचितच वर असावी, असं त्याचं मत. ८ किंवा १० टक्के ठेवली तर पैसा उधळ्यांच्या आणि भलत्या योजना काढणाऱ्यांच्या हाती जाईल, ही त्याची भीती. याच मुद्द्यावर १७८७ मध्ये इंग्लिश तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमने स्मिथला उत्तर लिहिलं. इंग्लंडमधले व्याजाचे हे कायदे अखेर १८५४ मध्ये रद्द झाले, म्हणजे स्मिथच्या पुस्तकानंतर ७८ वर्षांनी. पैशाचा बाजार १७७६ मध्ये सुटला हे वाक्य मग कुठून आलं, ते नोट्सवाल्यांनाच विचारायला हवं. वर १९३६ मध्ये अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्सने एक अख्खं प्रकरण लिहून व्याज आणि रोजगाराच्या बाबतीत या जुन्या मंडळींच्या बोलण्यात बरंच तथ्य होतं, असं बजावलं, ते वेगळंच.

या लोकांवर टीका करू नये असं मी म्हणत नाही. टीकेला जागा भरपूर आहे, फक्त ती फॉरवर्डमध्ये नाही. स्वस्त पैशामुळे सर्वांना व्यापार करता येईल, असं लिहिणारा चाइल्ड १६८१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर झाला आणि पूर्वेचा सगळा व्यापार एकाच कंपनीच्या मुठीत राहावा म्हणून झगडत राहिला. १६८६ मध्ये कंपनीने त्याच्याच धोरणाने मोगलांशी लढाई उकरून काढली. १६८९ मध्ये मोगलांचा आरमारप्रमुख सिद्दी याकूत खान मुंबईत उतरला, माझगाव-माहीम घेतलं आणि किल्ल्याला वेढा घातला. १६९० मध्ये कंपनीने औरंगजेबाची माफी मागून दीड लाख रुपये दंड भरला, तेव्हा तो वेढा उठला. आणि व्याज ४ टक्क्यांवर आणा, म्हणजे व्यापार फुलेल, असं सांगणारी चाइल्डच्या पुस्तकाची वाढवलेली आवृत्ती १६९३ मध्ये लंडनमध्ये विक्रीला आली.