आधी बेसी स्मिथला बघा, दाजी

गेल्या आठवड्यात आमच्या दाजींनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. दुसऱ्या दिवशी तोच बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका ओळखीच्याकडून आला, तिसऱ्या दिवशी भजनी मंडळाच्या ग्रुपवर. एरवी मी पुसून टाकला असता. पण दाजींनी त्याचा आधार घेऊन स्वतःच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, नाही म्हटलं. पोरगी खानापुरात असते, लहानपणापासून पेटीपुढे बसून शिकलेली. स्वतः चाल लावलेलं एक गाणं तिला राजहंसगडावर चित्रित करायचं आहे. दाजी म्हणाले, "हे वाच की. गळा नसलेल्यांचे धंदे हे."

मेसेजात म्हटलंय ते असं : गाण्याच्या व्हिडिओचा शोध मायकल जॅक्सनने 1983 मध्ये 'थ्रिलर' करून लावला आणि एमटीव्ही या अमेरिकेतल्या गाण्यांच्या वाहिनीवर पहिलं तेच लागलं. त्याआधी जगभर गाणं फक्त ऐकायची गोष्ट होती. गाता न येणाऱ्यांना चेहऱ्यावर खपवण्यासाठी कंपन्यांनी हा प्रकार काढला, खरे गायक कधी कॅमेऱ्यापुढे आले नाहीत. नुसते ओठ हलवणं ही फसवणूक आहे. आणि भारतात हे 1995 नंतर अमेरिकेकडून आलं.

जॅक्सनचं आधी उरकतो. एमटीव्ही सुरू झालं 1 ऑगस्ट 1981 च्या मध्यरात्री. पहिलं गाणं होतं बगल्स या इंग्रज जोडीचं 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार', आणि त्याचा व्हिडिओ 1979 चा. 'थ्रिलर' लागला 2 डिसेंबर 1983 ला. दोन वर्षांत वाहिनीवर शेकडो गाणी लागून गेली होती. जॅक्सनचं मोठेपण वेगळं आहे. सुरुवातीला एमटीव्हीवर काळे कलाकार जवळजवळ दिसतच नसत. डेव्हिड बोवी या इंग्रज गायकाने 1983 मध्ये एमटीव्हीच्याच मुलाखतीत त्यांना हे तोंडावर विचारलं होतं. जॅक्सनच्या 'बिली जीन'ने तो दरवाजा मोठा केला, आणि जवळजवळ चौदा मिनिटांच्या 'थ्रिलर'ने व्हिडिओला छोट्या सिनेमाची ऐट दिली.

आता ज्या वाक्याने पोरीचं मन मोडलं ते. खरे गायक कधी कॅमेऱ्यापुढे आले नाहीत म्हणे!

1929. न्यूयॉर्कच्या अस्टोरियातला स्टुडिओ. बेसी स्मिथ नावाची बाई, ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं, आणि लोक तिला त्या ब्लूजची सम्राज्ञी म्हणत. 'सेंट लुइस ब्लूज' हे गाणं तिने 1925 मध्ये जाझवादक लुई आर्मस्ट्राँगच्या साथीने ध्वनिमुद्रित केलं होतं. त्याच गाण्याभोवती डडली मर्फी या दिग्दर्शकाने सुमारे सोळा मिनिटांचा बोलपट केला. प्रियकराने सोडलेली बाई दारूच्या गुत्त्यात टेकून उभी आहे आणि गाते आहे. हळूहळू गुत्त्यातली सगळी माणसं तिच्यामागे सूर धरतात. हा आवाज सेटवरच टिपलेला आहे. तिचे ओठ, छाती, श्वास, गळ्याची शीर, सगळं गाण्याबरोबर हलतं. नटवी म्हणावी असं तिच्यात काही नाही. धिप्पाड बाई, थकलेला चेहरा. बेसी 1937 मध्ये गेली आणि तिचं चालतंबोलतं चित्रण एवढंच उरलं. त्या दिवशी कोणी "खऱ्या गायिकेने कॅमेऱ्यापुढे येऊ नये" म्हटलं असतं, तर ती गाताना कशी दिसायची हे आज कोणालाच कळलं नसतं. व्हिडिओच्या मुळाशी हे आहे, दाजी.

पुढे 1940 पासून अमेरिकेतल्या हॉटेलांत आणि बारमध्ये पॅनोरॅम नावाची कपाटाएवढी यंत्रं बसली. दहा सेंटचं नाणं टाकलं की आतला प्रोजेक्टर आरशांवरून पडद्यावर एक गाणं दाखवायचा. रिळावर आठ गाणी असत. निवड करता येत नसे, पुढचं लागेल ते बघायचं. या छोट्या फिल्मांना साउंडीज म्हणत. त्यांत ड्यूक एलिंग्टन, नॅट किंग कोल असे जाझमधले दिग्गज आहेत. यांना गाता-वाजवता येत नव्हतं? युद्ध संपल्यावर हा धंदा बसला, पण 1960 मध्ये फ्रान्समध्ये स्कोपिटोन नावाचं तसंच यंत्र आलं, तेही रंगीत आणि छत्तीस गाण्यांतून निवडता येणारं. मग बीटल्सनी 1966 मध्ये 'पेपरबॅक रायटर'च्या फिल्मा केल्या, कारण प्रत्येक देशाच्या टीव्ही स्टुडिओत जाऊन उभं राहणं त्यांना शक्य नव्हतं. माणूस पोचत नाही तिथे गाणं पोचावं, एवढाच हेतू.

ओठ हलवण्याबद्दल मात्र मेसेजात थोडं खरं आहे, ते मान्य करतो. साउंडीजमध्ये आवाज आधी मुद्रित व्हायचा आणि गायक नंतर त्यावर ओठ हलवायचे. ऐंशीच्या दशकात काही जण केशरचनेवरच खपले हेही खरं. पण इंग्लंडच्या क्वीन या बँडने 1975 मध्ये 'बोहेमियन रॅप्सडी'ची फिल्म काही तासांत केली, ती का? एकावर एक चढवलेले ते आवाज चार माणसांनी टीव्हीच्या मंचावर आणायचे कसे? ओठ हलवणं एवढंच पाप असेल तर आपल्याकडे 1935 पासून पार्श्वगायन चालू आहे. लताबाईंच्या आवाजावर नट्यांनी आयुष्यभर ओठ हलवले. दाजी ती गाणी डोळे मिटून ऐकतात, आणि डोळे उघडूनही बघतात.

भारताचं तर सोडाच. 1995 चं साल बहुधा अलिशा चिनॉयच्या त्या वर्षी गाजलेल्या 'मेड इन इंडिया' या गाण्यावरून आलं असावं. पण नाझिया आणि झोहेब हसनच्या 'यंग तरंग' या पॉप अल्बमचे व्हिडिओ 1984 चे, आणि ती भावंडं मूळची पाकिस्तानची. 1932 मध्ये प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त दुर्गाबाई खोटे कॅमेऱ्यापुढे स्वतः गायल्या. त्याहीआधी 1880 मध्ये 'संगीत शाकुंतल' उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. गाणारा माणूस बघत बघत गाणं ऐकणं आपल्याला अमेरिकेने शिकवलेलं नाही.

दाजी, बेसीची ती फिल्म तुम्हाला पाठवली आहे. अर्ध्यात सोडू नका, गुत्त्यातली माणसं सूर धरतात तिथवर तरी बघा. पोरीचं गाणं तिच्याच आवाजात मुद्रित होऊन तयार आहे. रविवारी सकाळी सातला मी गाडी घेऊन खानापूरला येतो. तुम्हीही बसा, गडावर छत्री धरायला एक माणूस कमी आहे.