मोजायचं कुठून?

कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या पदपथ उद्यानात सकाळी भरतीची तयारी करणारी पोरं व्यायाम करत असतात. काल एकजण पुशअप्स मारत होता, दोस्त मोजत होता. "अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास! नाद खुळा भावा!" पोरगं घामानं निथळत होतं, मेहनतीत काडीची कसूर नव्हती. पण कोपरं निम्मीच वाकत होती, कंबर झोळीसारखी लोंबत होती. हनुवटी पुढं जमिनीकडं जायची आणि छाती मात्र वीतभर वरच राहायची.

मला राहवलं नाही, जाऊन बोललोच. कारण असंच करून मी स्वतःचा उजवा खांदा दुखावून घेतलाय. एका जिममध्ये रोज साठ मारायचो, कोपरं दोन्ही बाजूंना सरळ फाकवून. कुणी टोकलं नाही, उलट आकडा वाढला की शाबासकी. पुढं शर्टाच्या बाहीत हात घालताना कळ यायला लागली. पाच महिने सगळं बंद.

नंतर फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला चक्क भिंतीला हात टेकवून पुशअप्स मारायला लावले. मग स्वयंपाकघरातल्या ओट्याला, मग पायरीला. तळवे खांद्यांपेक्षा किंचित रुंद. कोपरं अंगापासून साधारण ४५ अंशांत, म्हणजे वरून बघितलं तर बाणाच्या टोकासारखा आकार दिसला पाहिजे. पोट आणि कुल्ले आवळलेले, डोक्यापासून टाचेपर्यंत अंग पहारीसारखं सरळ. सावकाश खाली जाताना श्वास घ्यायचा, वर येताना सोडायचा. बस, एवढंच. पण एवढं सांभाळून जमिनीवर आठ मारले तरी हात थरथरतात.

जमिनीवरच्या पुशअपमध्ये वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भार हातांवर येतो. ७५ किलोच्या माणसाला झाले की ५० किलो! पहिल्याच दिवशी छातीवर ५० किलोचा बार कुणी घेईल का? हात जितके उंचावर, तितका भार कमी. कट्ट्यावर मारण्यात कसला आलाय कमीपणा?

आपल्याकडं अजून एक घोळ होतो. घरटी कुणीतरी तालमीत गेलेलं, त्यामुळं जोर आणि पुशअप एकच समजतात. जोर मारताना कंबर वर उचलायची, छाती जमिनीलगत पुढं काढायची आणि वर येताना पाठीची कमान करायची. ती त्या व्यायामाची रीतच आहे. पुशअपमध्ये तीच कमान म्हणजे चूक. माझे वडील तालमीतले. ते सांगायचे, चुकलेला जोर वस्ताद मोजायचेच नाहीत. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं, त्या गावात मेहनतीला कधीच तोटा नव्हता. पण मेहनतीवर वस्तादाची नजर असायची. आज ती जागा मोबाईलच्या कॅमेऱ्यानं घेतलीय, आणि त्याला फक्त आकडा कळतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पोरगं ऐकणारं निघालं. कट्ट्यावर हात टेकले, मी कोपरं आत घेऊन दिली, दोस्तानं पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली. अकरा झाले. बाराव्याला कंबर खाली गेली, तसा तो उठला आणि दोस्ताला म्हणाला, "हा धरू नको रे."